‘मी’पासून ‘तू’पर्यंत

“मग येत्या सोमवारपासून शिडी मी लावू ना, बाई?”

कालिंदीबाई वाचनालयाच्या दाराशी फळा पुसत होत्या. ओल्या फडक्यानं, कोपऱ्यापासून.

एके काळी त्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी या फळ्यावर शब्दशिडी लावत. वर एक शब्द, खाली एक. मधल्या पायऱ्या लोकांनी शोधायच्या, आणि प्रत्येक पायरी हा अर्थ असलेला शब्दच हवा. नाशिकच्या त्या गल्लीत दूधवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळे तिथं थबकायचे.

आता बाईंचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फळा कुणाच्या तरी हाती द्यायला हवा होता.

ऋजुता त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. हे तिलाही ठाऊक होतं.

“तुला कशाला हवा फळा?”

“माझ्याएवढं शिड्यांचं गणित कुणी केलंय, बाई? सबंध शब्दकोश कॉम्प्युटरमध्ये घातला. शब्द म्हणजे बिंदू. एका बदलाचं अंतर असेल तिथं रेघ. कुठल्याही शब्दापासून कुठल्याही शब्दापर्यंत सर्वांत जवळची वाट सांगते मी.”

“कुठल्याही?”

“म्हणजे... काही शब्द एकटे पडतात. त्यांना शेजारीच नसतो.”

“त्यांचं काय केलंस?”

“काढून टाकले. त्यांचा शिडीला काय उपयोग?”

बाईंनी फडकं पिळलं.

“बरं. एक शिडी चढून दाखव. जमली तर फळा तुझा.”

त्यांनी वर लिहिलं, मी. खाली लिहिलं, तू.

ऋजुता हसली. “ही तर बालवाडीची झाली. एक अक्षर, एक पायरी.”

“नियम वाच.”

फळ्याच्या खालच्या कडेला तो पांढऱ्या रंगात कायमचा रंगवलेला होता. एका वेळी एकच बदल. व्यंजन तरी, नाहीतर स्वर.

ऋजुताला तो पाठ होता. तो कुणी सुचवला होता, तेही.

“मू...” ऋजुता पुटपुटली. “मू असा शब्द नाही. म्हणजे आधी व्यंजन बदलायचं. म जाऊन त...”

खडू उचलला. फळ्याजवळ नेला. तिथंच राहिला.

“काय झालं?”

“काही नाही.”

“मधली पायरी वाच की.”

“...ती.”

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. ती वळेपर्यंत दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

‘ती’ म्हणजे मालन, गडहिंग्लजकडची. वडिलांची बदली झाली म्हणून नाशिकला आलेली. रविवारी बाईंच्या घरी मुली जमत, तेव्हा ऋजुताच्या शेजारी बसायची. एकदा म्हणाली, “बाई, ‘मी’ हे एक अक्षर कसं? त्यात दोघं ऱ्हात्यात की. एकेकाला बदलूया.” बाईंनी तो नियम तसाच उचलला. शिड्या अवघड झाल्या, आणि सुंदर झाल्या.

मग एका रविवारी मालननं ‘सुट्टी’च्या खालच्या पायरीवर लिहिलं, ‘बुट्टी’.

“बुट्टी म्हणजे काय गं?” ऋजुतानं विचारलं होतं. “बुटाची बायको?”

खोलीभर हसू पसरलं.

“आमच्यात टोपलीला म्हंत्यात,” मालन म्हणाली.

त्यावर आणखी हसू.

पुढच्या रविवारी मालन आली नाही. त्यानंतरही नाही.

“दुसरी वाट आहे, बाई,” ऋजुता घाईघाईनं म्हणाली. “जरा लांबची आहे, पण आहे.” आणि भराभरा लिहिलं. मी, पी, पू, तू.

“पू?”

“जखमेत होतो तो. कोशात आहे.”

“आहे ना. मी कुठं नाही म्हणाले?”

बाई बाजूला सरकून उभ्या राहिल्या. फळा सगळा दिसेल अशा.

ऋजुता त्या पायरीकडे पाहत राहिली... मग तळहातानंच ती पुसून टाकली. फळ्यावर ओला पट्टा उमटला.

“कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते मी, बाई. गंमत केली होती.”

“हं.”

“तुम्हीही हसला होतात.”

“हसले होते.” बाईंनी बोटांवरचा खडू झटकला. “तू काय बोललीस, त्याला नाही हसले. बुट्टी मला ठाऊक नव्हती. म्हणून हसले.”

“आता कुठं असते ती?” ऋजुतानं विचारलं.

“सिन्नरला. मुलांना गणित शिकवते. एसटीनं तासाभराची वाट.”

“तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?”

“गेली तेव्हापासून.”

ऋजुतानं खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला. तो घरंगळला, पुन्हा ठेवला.

“म्हणजे फळा मला नाही.”

“असं कुठं म्हणाले? सर्वांत जवळची वाट तूच सांगितलीस.”

“बाई, इतक्या वर्षांनी मी तिच्या दारात उभी राहिले, तर काय म्हणेल?”

“मला काय माहीत.”

“ओळख तरी दाखवेल?”

वाचनालयाच्या आत कुणीतरी खुर्ची ओढली.

ऋजुतानं पर्स खांद्याला लावली. दोन पायऱ्या उतरून मागं वळली.

“एवढ्या जवळ होती. मग तुम्ही का नाही गेलात?”

बाईंनी फडकं दोरीवर वाळत घातलं. त्याची दोन्ही टोकं सारखी केली. पुन्हा केली.

“शिकायला माणसं आपल्याकडे येतात,” त्या म्हणाल्या, “असंच वाटत राहिलं गं मला.”