भुजंगाचे राहिलेले उद्यापन

पायाखाली बघून या. हे एकवीस खड्डे आहेत ना, ते मागाचे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसायचा, वर माग चालायचा. मधल्या खड्ड्यात मात्र डोकावू नका. हसताय काय? सत्तरी उलटली तरी मी त्याच्या कडेला उभा राहत नाही.

असे सांगतात, की इथे आधी त्या मधल्या खड्ड्यावरचा एकच माग होता, भुजंगा कोष्ट्याचा. एका वर्षी लुगडी कोणी घेईना. तेव्हा त्याने देवीपुढे व्रत घेतले, माझा माग चालू दे, मी नफा बसून खाणार नाही, जे येईल ते पुन्हा मागावरच घालीन. देवी पावली. एकाचे दोन माग झाले, दोनाचे एकवीस. भुजंगा मात्र फाटक्या पंच्यावर आणि कोरड्या भाकरीवर. अशा विरक्त माणसाला नावे कोण ठेवणार? लोक त्याच्या पाया पडू लागले.

घाबरली ती एकटी त्याची बायको, कोंडाबाई. अख्खा गाव मागावर बसला होता आणि सणालाही कोणी उठत नव्हते. भर दुपारी ती मागावर बसलेल्या नवऱ्यापुढे उभी राहिली.

"अवो, व्रताला उद्यापन असतं. तुमच्या व्रताचं कधी?"

भुजंगाला आठवले, शेवट कधी, हे त्याने देवीला सांगितलेच नव्हते. त्याने पाय उचलला, पण माग थांबेना. सूत संपले तसा मागाने कोंडाबाईचा पदर ओढला, मग केस. ती किंचाळली. देवळातून म्हणे आवाज आला, "भुजंगा, पुरे का?"

एकच शब्द बोलायचा होता. त्याने मागाकडे पाहिले. वीतभर विणायचे राहिले होते.

"एवढं लुगडं हुऊ दे, आई."

लुगडे झाले. कोंडाबाई पुन्हा कोणाला दिसली नाही.

आजही आमच्या गावात संध्याकाळी लुगडे अर्धे असले तरी माग थांबवतात. "पुरे" म्हणायचे ते घरातल्या बाईने. पुरुषांवर हे काम कोणी सोपवत नाही. आता माझ्या मुलाने यंत्रमाग घेतलेत. काल सून दारातून तीनदा "पुरे" म्हणाली. तो म्हणाला, "एवढी ऑर्डर जाऊ दे." मला फार भीती वाटते. तेव्हापासून मी सुनेला यंत्रमागाच्या खोलीत पाऊल टाकू दिलेले नाही.