लाईट गेल्यावर काढलेली पिन

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनातून फार नाराज होता. गुरू म्हणजे कुणी मठातले महाराज नव्हेत. तालुक्याच्या गावात सुतारकामाचा छोटा कारखाना चालवणारे एक वृद्ध मिस्त्री. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शिष्य तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, आणि हाताने इतका सफाईदार की त्याने जोडलेल्या चौकटीतला सांधा शोधायला चष्मा लागे. तीन वर्षे तो एकच गोष्ट मागत होता, स्वतंत्र काम सुरू करण्याची परवानगी. तीन वर्षे अण्णांचे उत्तरही एकच होते, "अजून नाही." गुरूचा शब्द मोडून जाणे त्याच्या स्वभावात नव्हते. म्हणून तो राहिला, पण कुढत राहिला.

माणूस नाराज असला की त्याला समोरच्याच्या साध्या सवयीही विनोदी दिसू लागतात. अण्णांची अशी एक सवय होती. त्या गावाच्या पाचवीला भारनियमन पुजलेले. लाईट गेली की पंखा थांबे, यंत्रे गप्प होत आणि कामगार हुश्श करून चहाकडे वळत. अण्णा मात्र त्याच क्षणी गुडघ्यावर हात टेकून उठत, भिंतीवरच्या बोर्डापाशी जात आणि फळ्या कापायच्या विजेच्या कटरची पिन उपसून काढत. मग लाईट येईपर्यंत ती पिन मांडीवर घेऊन बसत. चहासुद्धा एका हाताने पीत.

"अण्णा, लाईटच गेलीय. आता पिन काढून काय उपयोग?" शिष्याने एकदा चारचौघांत विचारले. "का तेवढ्यात कुणी पळवून नेईल?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "असू दे रे," एवढेच म्हणाले. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागायचेच, असे ठरवून शिष्याने तो विषय सोडून दिला.

त्या वर्षी गावातल्या एका शाळेने ऐंशी बाकांचे काम थेट शिष्यालाच देऊ केले. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवा, असा निरोप होता. शनिवारी दुपारी तो फळी कापत होता, पण डोक्यात बाकच घोळत होते. बटण सारखे दाबून धरायचा कंटाळा, म्हणून त्याने कटरची खटकी अडकवून ठेवली होती. ती अडकवली की बटण सोडले तरी पाते फिरत राहते. निम्मी फळी कापून झाली आणि लाईट गेली.

पाते बोथट झालेच होते. वेळ फुकट कशाला घालवा, म्हणून शिष्याने खाली बसून कटर दोन पायांत धरला आणि पाना लावून पाते सोडवू लागला. नेहमीप्रमाणे अण्णा उठले, पिन काढून घेऊन आले आणि त्याच्यासमोर बसले.

"अण्णा, आज मला उत्तर द्या," शिष्य मान वर न करता म्हणाला. "नाहीतर शाळेचं काम हातचं गेलं समजा."

अण्णा काही बोलणार तोच लाईट आली. पंखा कुरकुरत फिरू लागला, कोपऱ्यातला रेडिओ वाक्याच्या मध्यावरून बोलू लागला. शिष्याच्या डाव्या हाताची चार बोटे पात्याला धरून होती. त्याची नजर सहज खटकीवर गेली. ती अजून अडकलेलीच होती. तिथून वायरीच्या मागे मागे त्याची नजर अण्णांच्या मांडीवरच्या पिनेपर्यंत गेली, आणि त्याने पात्यावरची बोटे झटकन काढून घेतली.

"लाईट गेली की आपण म्हणतो, यंत्र बंद झालं," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "ते नुसतं थांबलेलं असतं रे. बंद आपल्याला करावं लागतं, आपल्या हातानं."

त्यांनी मांडीवरची पिन उचलून हातात धरली.

"तुझ्याआधी माझ्याकडे मुरारी होता. लाकडावर वेल कोरायला लागला की बघत बसावं. लग्नाच्या पलंगाचं काम होतं, घाई होती. लाईट गेली तसा तो टेकला. मीच म्हणालो, बसलास काय, तेवढ्यात पातं बदलून घे. माझा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. लाईट आली, आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. आणि पलंग मी ठरल्या दिवशी पोचता केला. त्याची मला आजही लाज वाटते."

शिष्याने पाना खाली ठेवला.

"तुला तीन वर्षं अडवलं ते तुझ्या कामात खोट होती म्हणून नव्हे. तू नजरेआड गेलास तर पिन कोण काढणार, ही माझी भीती. तिला मी शिस्त म्हणत राहिलो. चुकलंच माझं."

"हे आधी का नाही सांगितलंत, अण्णा?"

"सांगायचं तर मुरारीचं नाव घ्यावं लागलं असतं."

"ते आता कुठं असतात?"

"गावाबाहेरच्या शीतगृहावर रखवालदार आहे. दवाखान्यानंतर भेट नाही. नऊ वर्षं झाली. तोही आला नाही, मीही गेलो नाही. मी धरून चाललो, विषय मिटला."

शिष्याला राहवले नाही. "अण्णा," तो म्हणाला, "तो विषयसुद्धा नुसता थांबलाय."

त्याच संध्याकाळी शिष्याने अण्णांना आपल्या मोटारसायकलवर शीतगृहाकडे नेले. फाटकापाशी खुर्चीवर मुरारी बसला होता. अण्णांना पाहताच तो धडपडत उठला.

"मुरारी, मी तुला तेव्हा सांगायला नको होतं," अण्णा म्हणाले.

मुरारीने आपली खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "मला वाटत होतं, तुम्ही माझ्यावर रागावलात. ऐन घाईत काम टाकून गेलो, आणि खटकी तर मीच अडकवलेली. तुम्ही आला असता ना, अण्णा, तर मी डाव्या हातानं कोरायला लागलो असतो. दोन-तीनदा कारखान्याच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरलो. आता डोळेही साथ देत नाहीत."

अण्णांनी त्याचा तो अर्धा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ते रडले. नऊ वर्षे दोन्ही घरांत शांतता होती, आणि तेवढ्या काळात एका माणसाची कला कायमची गेली होती. ती आता कुणाच्या माफीने परत येणार नव्हती.

"हा कोण?" बऱ्याच वेळाने मुरारीने विचारले.

"माझा शिष्य," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "सोमवारपासून स्वतंत्र."

या शब्दासाठी शिष्याने तीन वर्षे वाट पाहिली होती. तो वाकला, आधी मुरारीच्या आणि मग अण्णांच्या पाया पडला.

सोमवारी बाकांचे काम सुरू झाले. पहिली फळी कापायच्या आधी त्याने सोबतच्या दोघा कारागिरांना समोर बसवले, लाईट गेली की काय करायचे ते सांगितले, आणि सांगताना मुरारीचे नाव घेतले.