साहेबांनी बेलभंडार उचलला नाही

भक्तहो, मुकुटनाथ महाराज त्या काळी पिंपरखडीला खंडोबाच्या ओवरीत राहत असत. त्याच गावच्या नदीकाठी थॉर्नसाहेबांचा साबणाचा कारखाना होता. साहेब विलायतेच्या क्वेकर पंथाचे. त्यांच्यात ना पुजारी, ना घंटा, ना भजन; सगळ्यांनी मिळून नुसतं गप्प बसायचं आणि देव आतून काय सांगतो ते ऐकायचं! कारखान्याची कमाई साहेबांनी कामगारांची पक्की घरं, मुलींची शाळा आणि महारोग्यांचा आश्रम यांत घातली होती. झाडणाऱ्या सखूबाईंना ते ‘तुम्ही’ म्हणत आणि पाटलांनाही ‘तुम्ही’च. रंगराव पाटलांना हे फार झोंबे. "गोरा गोसावी आला बघा!" म्हणून ते चारचौघांत खिल्ली उडवीत.

एके दिवशी पाटलांनी सगळा गाव देवळापुढे जमवला. पहाटे गावविहिरीवर एक महारोगी बाई पाणी काढताना गुरवाला दिसली होती. तोंडावर घोंगडं, पण हाताची बोटं झडलेली.

"आश्रमातलीच ती!" पाटील गरजले. "विहीर बाटवली. आज दिवस मावळायच्या आत आश्रम उठला पाहिजे."

साहेब शांतपणे म्हणाले, "आश्रमाला स्वतःची विहीर आहे. पहाटे मी तिथंच होतो. कोणी बाहेर गेलं नाही."

"मग उचला बेलभंडार! शपथेवर सांगा, आश्रम राहील. आहे का हिंमत?"

"मी शपथ घेत नाही."

लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कारखान्याचे मुकादम दाजीबा कळवळून म्हणाले, "अहो साहेब, खरं आहे ना? मग उचला की! आमचा देव नको तर तुमच्या पुस्तकावर हात ठेवा."

"त्यावरही नाही, दाजीबा. आज शपथेवर बोललो, तर काल बिनशपथेचं बोललो ते काय खोटं होतं?"

आता ह्याला काय म्हणावं! इतकी वर्षं ही कथा सांगतोय, पण इथवर आलो की माझीही मती गुंग होते. तिकडे आश्रमातली माणसं रडत गाठोडी बांधत होती. हात उचलला असता तर त्यांचं छप्पर वाचत होतं. मग हा हट्ट की सत्त्व? दाजीबांना कळेना, गावाला कळेना. पाटील तेवढे खदाखदा हसले, "चोराच्या मनात चांदणं!"

तेव्हा महाराज ओवरीतून उठून आले. म्हणाले, "साहेब, तुमच्यात अशा वेळी काय करतात?"

"गप्प बसतो, महाराज."

"मग आज आम्हीही बसतो. कोणी बोलायचं नाही."

बसला गाव! कुणी खोकला, कुणाला हसू फुटलं, एक शेळी खुशाल लोकांतून फिरून गेली. हे काय चाललंय, कुणालाच उमजेना. हळूहळू सगळं निवांत झालं. आणि पाटलांना दरदरून घाम फुटला! त्यांनी दातांवर दात दाबले, दोन्ही हातांनी तोंड धरलं, तरी तोंड आपोआप उघडलं. काय ही खंडेरायाची लीला!

"ती माझी आई होती!" पाटील ओरडले. "गोठ्यामागच्या खोलीत कोंडलीय तिला. लोक काय म्हणतील म्हणून लपवली. रात्री पाणी ठेवायला विसरलो, कडीही लावायची राहिली... तहानेनं बाहेर पडली ती."

पाटलांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराज म्हणाले, "माझ्या नको, ज्यांच्यावर आळ घेतलास त्यांच्या पाया पड."

पाटील वळले, तसे साहेब गोंधळून मागे सरकले. "नको, नको, पाटील! आधी सांगा, आईंना पाणी मिळालं का?"

हे त्या घरातसुद्धा अजून कुणी विचारलं नव्हतं. पाटलांनी साहेबांचे पाय घट्ट धरले आणि त्यांवर डोकं ठेवून ते ढसाढसा रडू लागले.