शिट्टी कोण मारतंय

“सही करणार आहात की नाही, चाचा? एवढंच सांगा!”

हेरंब साठ्ये उंबऱ्यातच उभा होता. काखेत जुना रेडिओ सेट, हातात तक्रारीचा कागद. डोकं असं तापलेलं की चपला काढायचंही भान नव्हतं.

परकारचाचांनी चपलांकडे पाहिलं.

हर्णैच्या टेकडीवरच्या ह्या म्हाताऱ्याने तीस वर्षं बोटींवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. हौशी रेडिओवाल्यांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची सही झाली की हेरंबच्या शेजाऱ्याचं, रघू चोगलेचं, रेडिओवर बोलायचं लायसन गेलंच म्हणून समजा.

“चोगलेने काय केलं?”

“काय केलं? रोज सकाळी सातला तो बोलायला लागला की माझ्या सेटमध्ये शिट्टी सुरू. तो थांबला की शिट्टी बंद. महिनाभर तारीखवार लिहून ठेवलंय. आणखी काय पुरावा हवा?”

“त्याला विचारलंस?”

“त्याला काय विचारायचं! होड्यांची इंजिनं उघडणारा माणूस तो. तीनदा नापास होऊन लायसन मिळवलंय. मी वीस वर्षं कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय, चाचा.”

“तुझी एरियल माडावर कोणी चढवली?”

“…चोगलेने.”

क्षणभर हेरंबचा आवाज उतरला. मग पुन्हा चढला. “म्हणून काय त्याने रोज माझं डोकं खायचं?”

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सातला पाच कमी होते.

“सेट ठेव इथे. आणि चपला बाहेर.”

हेरंबचा सेट सत्तर वर्षांपूर्वीचा, काचेच्या एका वॉल्व्हवर चालणारा. तीन महिने खपून त्याने तो जिवंत केला होता आणि भेटेल त्याला त्याचं कौतुक ऐकवलं होतं. असला सेट आलेला आवाज पुन्हा स्वतःलाच पाजतो आणि फुगवतो. किती पाजायचा, ते एका बटणावर. हेरंब ते बटण शेवटापर्यंत पिळून ठेवी. कमी घ्यायची त्याला सवयच नव्हती.

चाचांचा स्वतःचा सेट टेबलावर होताच. दोन्ही सेट एरियलच्या दोन वेगवेगळ्या तारांना जोडले गेले.

सात वाजले.

हेरंबच्या हेडफोनमध्ये शिट्टी घुसली. कान फाडणारी.

“आला! आला हरामखोर!”

चाचांनी त्याच्या कानावरचा हेडफोन काढला आणि आपल्या सेटचा चढवला.

तिथेही तीच शिट्टी.

हेरंबने टेबलावर मूठ आपटली. “बघा! तुमच्याही सेटमध्ये! आता तरी पटलं?”

चाचांनी हात लांब केला आणि हेरंबचा सेट बंद केला.

शिट्टी गेली.

…

तिच्याखालून एक आवाज वर आला. बारीक, खरखरीत, काकुळतीला आलेला.

“…हेरंबभाऊ, माजा आवाज येतोय का? म्हयना झाला हाक मारतोय तुमाला. शिट्टी कोन मारतंय ते बघा ना जरा…”

चाचांनी हेरंबचा सेट चालू केला. वॉल्व्ह तापला, आणि शिट्टीने चोगलेला गिळलं.

बंद केला. चोगले.

चालू केला. शिट्टी.

“पुरे, चाचा…”

“का पुरे? महिनाभर पुरे नव्हतं ते!” म्हाताऱ्याचा आवाज आता भिंतींना लागत होता. “इतकं पाजलंस की ऐकायचा सेट बोलायला लागला. तुझ्या तारेतून सगळ्या बंदरावर ओरडतोय तो. तो गरीब चोगले बोलायला आला की दोन्हींच्या लहरी एकमेकांवर आदळतात आणि शिट्टी होते. हे तू पोरांना शिकवत होतास ना? वीस वर्षं?”

हेरंबने मान खाली घातली.

“आण तो कागद. करतो सही. त्यातलं नाव तेवढं बदलून दे.”

हेरंबने कागदाची घडी केली. घडीची घडी केली. मग फाडून खिशात कोंबला.

…

“बटण मागे घे.”

त्याने स्वतःचा हेडफोन पुन्हा कानावर चढवला आणि आपल्या सेटचं बटण मागे घेतलं. शिट्टी जाड झाली, अडखळली, थांबली. जिथे थांबली, तिथेच त्याने बोटं आवरली.

चोगले अजून हाक मारत होता. हेरंबच्या स्वतःच्या सेटमध्ये, पहिल्यांदा.

सवयीने हेरंबचा हात पुन्हा बटणाकडे गेला. चाचांनी त्या हातावर फाडकन चापट मारली.

“पण चाचा, आवाज फारच बारीक येतोय…”

“त्याचा तेवढाच आहे. बाकीचा तुझा होता.”