उलटी चिठ्ठी

“पण अण्णा, जे अक्षर कुणी तोंडानं म्हणतच नाही, ते राहिलं तर बिघडलं कुठं?”

रत्नदीप विचारत होता. ब्रश अजून हातातच होता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवतात, इंग्रजीसुद्धा. इंग्रजी वाचता मात्र येत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला ही थट्टाच वाटली होती.

रत्नदीप त्यांचा शागीर्द. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. दवाखान्याची ही पाटी नीट उतरली, तर खालच्या कोपऱ्यात पेंटर म्हणून त्याचं नाव येणार होतं. पहिल्यांदाच.

‘बुधवारी बंद’ असं इंग्रजीत लिहायचं होतं. बुधवारच्या स्पेलिंगमधला न बोलणारा ‘डी’ त्यानं खाल्ला होता. शाळेत मीही खायचे. म्हणून चहा ठेवला आणि गप्प उभी राहिले.

“डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलंय का ते अक्षर?”

“लिहिलंय… पण तुम्हाला कसं कळलं? वाचता तर येत नाही.”

“मोजली. चिठ्ठीत नऊ, पाटीवर आठ.”

“अहो, चिठ्ठी मी नीट वाचली होती!”

“तेच म्हणतो.”

…

अण्णांनी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि तो शब्द पुसून टाकला. रत्नदीपची सकाळ त्या फडक्यात गेली. मग त्याच्या खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी समोर चिकटवली. डोकं खाली, पाय वर. पाटीही तशीच उलटी टेकवली.

“अण्णा, उलटी लागली.”

“हं.”

“अशी वाचता येत नाही.”

“हं.”

रत्नदीप बसला. आधी ओठ हलत होते. चौथ्या अक्षराला थांबले. मग नुसते डोळे हलत राहिले. चिठ्ठीवर, पाटीवर, पुन्हा चिठ्ठीवर.

दोघांच्या चहावर साय धरली. मी उचलला नाही.

अण्णांनी पाटी सुलटी केली. नऊ. मधला ‘डी’ असा ताठ उभा होता, जणू सगळी ओळ त्याच्याच भरवशावर होती.

“अण्णा… नाव घालू आता?”

“घाल की.”

रत्नदीपनं ब्रश रंगात बुडवला, कोपऱ्याकडे वाकला.

अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

“आधी चिठ्ठीवर लिहून आण.”