आठव्या घराचं छत

एकदा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी एका फर्ममध्ये दाखल झाली. जुन्या इमारती राहण्याजोग्या आहेत की नाहीत, हे तपासून लेखी सांगणं हा त्या फर्मचा व्यवसाय. फर्मचे संस्थापक वृद्ध होते. ते मोजकं बोलत आणि प्रत्येक अहवाल दोनदा वाचल्याशिवाय सही करत नसत. मुलगी हुशार आणि हाताची चलाख होती. समोरचा सावकाश बोलू लागला की मात्र तिच्या पायांची चुळबुळ सुरू होई.

तिच्या वाट्याला बारा घरांची एक इमारत आली. काम ठरलेलं होतं. प्रत्येक घराच्या मागच्या खोलीत शिडी लावायची, छताचं तळहाताएवढं प्लास्टर खरवडायचं, उघड्या काँक्रीटवर यंत्र दाबायचं आणि ते जेवढी उसळी मारेल तो आकडा फॉर्मात लिहायचा. आकडा मोठा असेल तर छत मजबूत. बारा घरं तिने एका दिवसात संपवली आणि चौथ्या दिवशी नीटनेटका अहवाल वृद्धांच्या टेबलावर ठेवला. इमारत सुरक्षित, असा निष्कर्ष होता; तो तिने सोसायटीच्या सेक्रेटरींनाही फोनवर सांगून टाकला होता. शनिवारी कॉलेजात इंटर्नशिप पूर्ण केल्याचं फर्मचं प्रमाणपत्र द्यायचं होतं आणि त्यावर तिचं वर्ष अवलंबून होतं.

वृद्धांनी अहवाल वाचला. मग कोपऱ्यातली घडीची खुर्ची तिच्या हाती देऊन ते म्हणाले, की उद्यापासून बाराही घरांत जा आणि तू तपासलेल्या छताखाली अर्धा अर्धा तास बस.

"बसून करायचं काय?"

"काही नाही. फोनही बघायचा नाही."

ती मनातून धुमसली. असल्या कोड्यांत बोलणाऱ्या म्हाताऱ्यांचा तिला मनापासून कंटाळा होता. चूक असेल तर दाखवावी, नसेल तर सही करावी. पण प्रमाणपत्र त्यांच्याच हातात होतं. दुसऱ्या दिवशी खुर्ची काखोटीला मारून ती निघाली.

पहिल्या घरातल्या आजोबांनी तिला पाहून विचारलं, की छत पळून जाईल म्हणून राखणीला बसवलंय का? तिसऱ्या घरातल्या बाईंनी खरवडलेल्या जागेकडे बोट दाखवून रंगाचा खर्च कोण देणार हे तीनदा विचारलं. पाचव्या घरात तिला चक्क डुलकी लागली. कुठेच काही घडत नव्हतं.

आठव्या घरात शालनताई राहत. घरी शिवणकाम करत आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळत. तपासणीच्या दिवशी त्या आईला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांनी खुर्चीशेजारी चहा ठेवला आणि हसत म्हणाल्या, "बाकीच्यांच्या छताला डाग पाडलेस, आमचं तेवढं वाचवलंस गं. एवढं चांगलं निघालं का? सेक्रेटरी म्हणाले, बिल्डिंग पास झाली. आता आईची खाट इथेच आणते. पुढच्या खोलीत मशीनच्या आवाजाने तिला झोप नाही."

मुलीने वर पाहिलं. छत गुळगुळीत होतं, कुठेही खरवडल्याची खूण नव्हती. त्या दिवशी दाराला कुलूप होतं. सातव्या घराचं बांधकाम तेच, वय तेच, म्हणून तिथला अठ्ठावीस हा आकडा तिने आठव्या ओळीत उतरवला होता. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता ती छतावरून नजर काढू शकेना. चहावर साय धरली. शालनताई खाटेसाठी जागा करायला कोपऱ्यातल्या पेट्या सरकवू लागल्या, तशी ती उठली.

"ताई, खाट हलवू नका. हे छत मी तपासलेलंच नाही."

शालनताईंचा हात थांबला. त्या रागावल्या नाहीत. "मग पास कुणी केलं?" एवढंच त्यांनी विचारलं. तिने खुर्ची मिटून काखेत घेतली.

उरलेली घरं सोडून ती थेट फर्ममध्ये आली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. प्रमाणपत्र गेलं, हे तिने गृहीत धरलं होतं. पण राग विझला नव्हता. संशय होता तर सरळ का विचारलं नाही, असं तिने वृद्धांना सुनावलं.

"विचारलं असतं तर तू 'तपासलं' म्हणाली असतीस," वृद्ध शांतपणे म्हणाले. "तुझ्या वयात मीही तसंच म्हणालो होतो. टेबलाशी बसून लिहिलेला आकडा माणसाला खराच वाटतो. तो खरा आहे का, हे त्याच्याखाली बसल्यावर कळतं. तिथे स्वतःला फसवता येत नाही, कारण छताखालचं डोकं आपलं असतं."

"पटलं," ती म्हणाली. "आता माझंही ऐका, सर. तुमच्या फॉर्मात घर बंद होतं असं लिहायला जागा नाही. रिकामी ओळ दिसली की फॉर्म परत येतो. बारा घरांना एक दिवस देता. आकडा मी उतरवला, ती चूक माझी. पण ओळ भरायला भाग कुणी पाडलं?"

वृद्धांनी कोरा फॉर्म पुढे ओढला आणि तो ओळीओळीने वाचला, जणू प्रथमच पाहत होते. मग पट्टी घेऊन त्यांनी शेवटी एक उभा रकाना आखला आणि डोक्यावर लिहिलं: 'पाहता आले नाही, कारण'.

दुसऱ्या दिवशी शालनताईंच्या घरी शिडी लागली. खाली शिडी धरून वृद्ध स्वतः उभे होते. प्लास्टर खरवडलं गेलं, यंत्राने उसळी मारली. आकडा आला सत्तावीस. छत चांगलं होतं.

वरूनच ती म्हणाली, "एकाचाच फरक, सर."

"हो. पण आधीचा आकडा शेजाऱ्यांचा होता."

ती खाली उतरली. अहवालातला अठ्ठावीस तिने पुसला नाही. वाचता येईल अशी एक रेघ त्यावर मारली, शेजारी सत्तावीस लिहिलं, आजची तारीख घातली आणि आपली सही केली. तिच्या सहीखाली वृद्धांनी आपली केली.