चुमकीची गार गार कुल्फी

एक होती चिचुंद्री. इवलीशी. नाव तिचं चुमकी.
चुमकीच्या घशातल्या दोन गाठी गेल्या.
कुठे गेल्या? डॉक्टर कासवबाईंनी काढल्या!
गाठी सुजायच्या. घास अडायचा. झोपेत नुसतं घुर्र घुर्र!
गेल्या तर गेल्या, बरंच झालं. पण घसा दुखायला लागला ना!

आई म्हणाली, "पेज खा."
"नको!"
"वरणभात खा."
"नको!"
"थोडं पाणी तरी पी, बाळा."
"नको, नको, नको!"
"मग हवं तरी काय?"
चुमकी हळूच म्हणाली, "कुल्फी."

आई निघाली पुढे. चुमकीने धरली आईची शेपूट. चिचुंद्रीची पिल्लं अशीच तर चालतात!
चुटुचुटु, चुटुचुटु. आल्या कुल्फीवाल्या अस्वलमामाकडे.

"मामा, मामा,
गाठी गेल्या, घसा दुखतो,
कुल्फी हवी गार गार!"

मामा म्हणाला, "घसा दुखतो? छे छे! गार नको! कुल्फीचं दूध म्हैसमावशीचं. तिला विचार. ती हो म्हणेल, तर मी देईन."

चुटुचुटु, चुटुचुटु. आल्या म्हैसमावशीकडे.

"मावशी, मावशी,
मामा म्हणतो, मावशीला विचार.
गाठी गेल्या, घसा दुखतो,
कुल्फी हवी गार गार!"

मावशी रवंथ करत होती. चपक चपक.
"घसा दुखतो? छे छे! गार नको! हळद घालून दूध पी. नाहीतर हत्तीआजोबांना विचार. ते हो म्हणतील, तर मी हो म्हणेन."

चुटुचुटु, चुटुचुटु. आल्या हत्तीआजोबांकडे.

"आजोबा, आजोबा,
मामा म्हणतो, मावशीला विचार.
मावशी म्हणते, आजोबांना विचार.
गाठी गेल्या, घसा दुखतो,
कुल्फी हवी गार गार!"

आजोबांनी कान हलवले. फट् फट्.
"घसा दुखतो? छे छे! गार नको! आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही! डॉक्टरांना विचार. त्या हो म्हणतील, तर मी हो म्हणेन."

सगळे शहाणे! आणि चुमकीचे पाय बिचारे दमले.
चुटु… चुटु… आल्या डॉक्टर कासवबाईंकडे.

"डॉक्टर, डॉक्टर,
मामा म्हणतो, मावशीला विचार.
मावशी म्हणते, आजोबांना विचार.
आजोबा म्हणतात, डॉक्टरांना विचार.
गाठी गेल्या, घसा दुखतो,
कुल्फी हवी गार गार!"

कासवबाई हसल्या. "गार चालतं की! गारच बरं वाटतं. पण चुमके, आज पाणी प्यायलीस?"
चुमकीने मान खाली घातली. "नाही. दुखतं."
"घसा कोरडा, म्हणून जास्त दुखतं. आधी पाणी, मग कुल्फी!"

कासवबाईंनी पाण्याची वाटी पुढे केली. चुमकीला भीती वाटली. खूप भीती वाटली. डोळ्यांत पाणी आलं टचकन.
आई म्हणाली, "मी आहे ना."
चुमकीने आईची शेपूट घट्ट धरली. डोळे मिटले.
घुट्!
दुखलं. पण थोडंसंच दुखलं.
घुट्! घुट्!
वाटी रिकामी!

मग काय!
डॉक्टर म्हणाल्या, "हो!"
मग आजोबा म्हणाले, "हो!"
मग मावशी म्हणाली, "हो!"
मग मामाने दिली कुल्फी. हिरव्या पानावर, गार गार!

चुमकीने चाटली. लुप लुप. आहाहा! घशाला कसं गार वाटलं!

सगळे बघत राहिले. टकामका टकामका.
मामा म्हणाला, "अरेच्चा! माझाही घसा दुखतोय."
मावशी म्हणाली, "अगंबाई! माझाही."
आजोबा म्हणाले, "माझा केवढा मोठा घसा! केवढा दुखतोय!"
आणि तिघांनी केला मोठ्ठा आ!

चुमकी कंबरेवर हात ठेवून म्हणाली,
"आधी पाणी, मग कुल्फी!"

पानावरची कुल्फी विरघळली,
आपली गोष्ट इथेच सरली.